आधी परत या, मग जा

कवळीवाल्याला परदेशात नोकरी लागली, तेव्हा घरात सर्वप्रथम चर्चा झाली ती त्याच्या परत येण्याची.

चर्चेला तसं काही कारण नव्हतं. करार दोन वर्षांचा होता, व्हिसा नोकरीचा होता आणि कंपनीने स्वखर्चाने विमानाचं तिकीट पाठवलं होतं. तिकीट एकेरी होतं. थोरल्या भावाने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "जायचं दिलंय. यायचं कुठाय?"

"दोन वर्षांनी देतील की, दादा."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी काढेन. तोवर काहीतरी कमवेनच ना?"

दादाचं समाधान झालं नाही. तो एका निमसरकारी कचेरीतून निवृत्त झाला होता आणि त्याने नोकरीची सगळी वर्षं समोरच्याला 'एक कागद कमी आहे' असं सांगण्यात घालवली होती. त्यामुळे दोघे भाऊ तिकिटांच्या एजंटकडे गेले. एजंट फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "नोकरीच्या व्हिसाला परतीचं तिकीट लागत नाही. फिरायला जाणाऱ्याला लागतं, कारण तो परत यायला हवा. तुम्ही राहायला चाललात. तुम्ही परत आलात तर उलट गोंधळ."

"लागत नाही, असं कुठे लिहिलंय?" दादाने विचारलं.

"जे लागत नाही ते कशाला कोण लिहून ठेवेल?"

उत्तर बिनतोड होतं. घोळ सगळा त्यातूनच झाला.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा माणूस. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, मेण आणि गुलाबी हिरड्या यांच्या पसाऱ्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. माप दंतवैद्य घेत, दात हा बसवी, आणि म्हातारी माणसं पहिला घास नीट चावला गेला की दंतवैद्याला दुवा देत. याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण परदेशी लेकीकडे गेलेल्या एका आजींच्या तोंडातली कवळी बघून तिथल्या कवळ्यांच्या मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख थबकला, त्याने ती आजींना काढायला लावली, उजेडात धरली आणि विचारलं, "ही कुणी केली?" आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी कवळीवाला समुद्र पोहूनही गेला असता.

सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचा निरोप समारंभ झाला. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सोसायटीचे दात आता जगाला दिसणार आहेत." मग टाळ्यांच्या गजरात त्याला चाकांची बॅग देण्यात आली. इतकी वर्षं 'तो मागच्या खोलीतला' एवढीच ओळख असलेल्या माणसाबरोबर त्या दिवशी सगळ्या मजल्यांनी फोटो काढून घेतले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, व्हिसा पाहिला आणि हसून म्हणाली, "आणि परतीचं, सर?"

"नोकरीच्या व्हिसाला लागत नाही म्हणाले."

"बरोबर आहे सर, नाही लागत."

"मग झालं तर."

"लागत नाही याचा पुरावा लागेल."

कवळीवाल्याने करार दाखवला. तिने तो आदराने दोन्ही हातांनी घेतला आणि तितक्याच आदराने परत दिला. "हे तुमचं कंपनीबरोबरचं झालं, सर. तिकडच्या लोकांनी तुम्हाला उतरू दिलं नाही तर आम्हाला तुम्हाला फुकट परत आणावं लागतं. म्हणून परतीचं तिकीट दाखवलंत, की लागत नाही हे आम्ही मान्य करतो."

हे त्याला समजलं नाही, पण मागच्या रांगेला लगेच समजलं. "अहो, काढून टाका ना एक! आमची विमानं सुटतील," असा सर्वानुमते ठराव झाला. शेजारच्या खिडकीवर त्याने खिशातलं होतं नव्हतं ते देऊन परतीचं तिकीट काढलं. स्वस्तातलं मिळालं ते पुढच्या महिन्याचं होतं. मुलीने ते पाहिलं, "आता कसं!" म्हणाली आणि बॅगेला चिठ्ठी अडकवली.

पुढच्या कक्षात बाहेर जाणाऱ्यांची तपासणी करणारे साहेब बसले होते. त्यांनी करार आणि तिकीट शेजारी शेजारी ठेवलं आणि चहा पिता पिता दोन्ही वाचून काढलं.

"करार दोन वर्षांचा. तिकीट पुढच्या महिन्याचं. यातलं खोटं कुठलं?"

"खोटं काहीच नाही, साहेब. तिकीट नुसतं दाखवायला काढलंय."

"म्हणजे परत यायचा विचार नाही?"

"आहे ना! दोन वर्षांनी."

"मग पुढच्या महिन्यात तुमच्या जागी कोण येणार आहे?"

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, तुम्ही येणार नसाल तर तिकीट खोटं. येणार असाल तर करार खोटा. दोन्ही खरं ठेवायचं असेल तर एकच वाट आहे. पुढच्या महिन्यात परत यायचं आणि परत जायचं. परत जायचं तिकीट कुठाय?"

कवळीवाला धावत खिडकीकडे आला. दादाला फोन करून त्याच्या कार्डावर परत जायचं तिकीट काढलं. खिडकीवरची बाई तिकीट हातात देताना म्हणाली, "हे जायचं झालं. याला परतीचं लागेल, बरं का." तो म्हणाला, हे परतीचंच आहे. ती म्हणाली, परतीचं म्हणजे परत यायचं, हे तर परत जायचं. तो म्हणाला, साहेबांनी परतच सांगितलंय. मग तिने साहेबांना फोन लावला. 'परत' म्हणजे माघारी की पुन्हा, यावर दोन खात्यांमध्ये सखोल विचारविनिमय सुरू झाला. तो ऐन रंगात आला असताना वरच्या कर्ण्यातून एका अतिशय गोड आवाजाने कवळीवाल्याचं नाव तीनदा पुकारलं. मग विमान गेलं.

काउंटरवरच्या मुलीला मनापासून वाईट वाटलं. तिने संगणकात पाहून परिस्थिती सांगितली. प्रवासी न चढल्यामुळे जायचं तिकीट बाद झालं होतं. परत जायचं त्यालाच जोडून काढलं गेलं होतं, म्हणून तेही बाद झालं होतं. "पण परत यायचं चालू आहे, सर. ते वेगळं काढलंय ना तुम्ही."

"अहो ताई, मी गेलोच नाही तर येऊ कुठून?"

"ते प्रवाशाने ठरवायचं असतं, सर," ती म्हणाली आणि मागच्याला पुढे बोलावलं.

साहेबांनी कर्तव्य म्हणून परदेशी कंपनीला सगळा प्रकार कळवला. कंपनीचं उत्तर तत्परतेने आलं. आपला उमेदवार इकडे येण्याआधीच परतीचं तिकीट काढून बसल्याचं समजलं, आम्हाला टिकणारा माणूस हवा आहे, कळावे.

कवळीवाल्याने विमानतळाच्या बाकावर बसून ते वाचलं आणि दादाला फोन केला. "दादा, मी घरी येतोय."

"खबरदार!" दादा ओरडला. "अरे, सोसायटीने बॅग दिली आहे तुला. लोकांना काय तोंड दाखवणार? थांब, मी येतो."

दुपारी सगळी सोसायटी झोपलेली असताना दादाने त्याला मागच्या जिन्याने वर आणलं आणि मागच्या खोलीत बसवलं. कवळीवाल्याची बायको दारात उभी होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तिकिटावर तारीख आहे ना?" दादा म्हणाला. "त्या तारखेला तू सुट्टीवर आलास असं सांगू. तोवर तू गेलेला आहेस."

"महिन्याभरात सुट्टी?"

"तिकडे देतात."

तो महिना कवळीवाल्याने खिडकी लावून काढला. काम करायची सोय नव्हती, कारण घासायच्या यंत्राचा आवाज खालपर्यंत जायचा. तो साच्यांसमोर नुसता बसे आणि भिंतीपलीकडची बोलणी ऐके. शेजारणी येत, चौकशी करत, आणि त्याची बायको, जिला आजवर धड थाप मारता येत नव्हती, ती बिचारी सांगत सुटे. पोचले हो. थंडी फार आहे म्हणाले. साहेब खूश आहेत त्यांच्यावर. पुढच्या आठवड्यात त्याला हाताखाली माणसं मिळाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात केबिन मिळाली. भिंतीपलीकडे आपण चढत चाललोय आणि अलीकडे आपली दाढी वाढत चाललीय, हे बघून कवळीवाल्याला स्वतःचाच हेवा वाटू लागला. एकदा न राहवून त्याने बायकोला विचारलं, "अगं, तिथे मी कवळ्या करतो की नाही?"

"आता कशाला कराल? साहेब झालात ना," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

तिकिटावरच्या दिवशी दादा अध्यक्षांना घेऊन विमानतळावर गेला. कवळीवाला त्यांच्या आधी टॅक्सीने जाऊन, चाकांची बॅग घेऊन बाहेर येणाऱ्यांच्या गर्दीत मिसळला होता. अध्यक्षांनी त्याला कडकडून मिठी मारली, मग खांद्याला धरून जरा लांब केलं आणि निरखून पाहिलं. महिनाभर ऊन न लागल्यामुळे तो पांढरा पडला होता. "काय गोरा झालाय हो!" अध्यक्ष म्हणाले. "मानवली हवा!"

हॉलमध्ये सत्कार ठरलेलाच होता. चार शब्द बोलायचा आग्रह झाला. कवळीवाल्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून त्याने जे अनुभवलं तेच सांगितलं. "महिनाभरात मला रस्त्यावर एक कपटा दिसला नाही," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. "कुणी आपल्या खोलीत डोकावत नाही. सगळं कसं शांत. मोठ्याने बोलायची सोय नाही." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. शिस्त, कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात मागून दुसऱ्या मजल्यावरची परिचारिका उठली. तिला परदेशातल्या एका रुग्णालयात नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. "काका," ती म्हणाली, "मला एकेरी तिकीट आलंय. परतीचं लागतं का हो? खरं सांगा."

दादाने पहिल्या रांगेतून डोळे वटारले. कवळीवाल्याने त्या मुलीकडे पाहिलं. तिनेही बहुधा बॅग भरली असेल, आणि तिलाही कुणीतरी पहिल्यांदाच 'हे कुणी केलं' असं विचारलं असेल. त्याला दादाचे डोळे दिसेनासे झाले.

"मला काय विचारतेस, पोरी," तो म्हणाला. "मी गेलोच नाही."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग अध्यक्ष खदखदून हसले. "ऐका, ऐका! म्हणजे मन सगळं इथेच होतं म्हणा की! याला म्हणतात मातीची ओढ!" हॉल टाळ्यांनी दणाणला. काही बायकांनी डोळे पुसले. परिचारिका उभीच होती, पण तिचा पुढचा प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही.

"अहो, खरंच नाही गेलो!" कवळीवाला ओरडला. टाळ्या आणखी वाढल्या.

ही हकीकत आता पुष्कळ लोकांना माहीत झाली आहे. ज्याला सांगावी तो शेवटी एकच विचारतो, त्या न वापरलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळाले का? तुमच्याही मनात तेच आलं असेल. ती परिचारिका गेली की राहिली, हे अजून कुणी विचारलेलं नाही.