सेतूरावांचा पितळी डवरा

कुंभकोणमच्या नव्या घरात आमची खोकी अजून बांधलेलीच होती, आणि पहिल्याच सकाळी एक गृहस्थ दारात उभे राहून माझ्याकडे हिंग मागत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेले, धोतरासारखी गुंडाळलेली पांढरीस्वच्छ वेष्टी, कपाळावर गंध, आणि हातात लखलखीत पितळी डवरा. डवरा म्हणजे इकडे कॉफीचा पेला ज्यात ठेवून देतात ती खोलगट वाटी.

"थोडकें पुरे," ते म्हणाले.

मराठीत! ह्यांच्या बदलीपायी साताऱ्याहून इतक्या लांब येऊन पडल्यावर शेजारी मराठी निघेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या आनंदात मी एकामागून एक खोकी फोडत सुटले. हिंग अर्थातच शेवटच्या खोक्यात निघाला. तोवर पाहुणे एका खोक्यावर ऐसपैस बसून माझं माहेर, सासर, गोत्र आणि गुडघेदुखी ह्यांची सविस्तर चौकशी करून मोकळे झाले होते.

हे सेतूराव. ह्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. स्वतः सेतूराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. बायको वारली होती, एकुलती एक मुलगी गौरी बेंगळुरूला. गल्लीतले लोक 'राव'चं तमिळ करून त्यांना 'रायर' म्हणत. मी इथल्या रिवाजाप्रमाणे मामा म्हणू लागले.

हिंग ही नुसती सुरुवात होती. सकाळी माझ्याकडे हिंग, मग समोरच्या विशालम मामींकडे करेपाक, म्हणजे आपला कढीपत्ता. दुपारी कोपऱ्यावरच्या घरी चिंच. माझी फोडणी तडतडत असायची, मोहरी नाकात गेलेली असायची, आणि हे दारात डवरा घेऊन शांत उभे. "थोडकें पुरे!" मी मनातल्या मनात दात-ओठ खायचे. थोडकं पुरतं तर माणसानं एकदाच भरपूर घेऊन जावं ना! एकदा मी हिंगाची अख्खी डबीच त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती विंचू असल्यासारखी परत केली.

"इतका नलगे. थोडकें पुरे."

त्यात आणखी एक खोच होती. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आपल्याकडेही आहे, इथेही आहे. सेतूरावांनी त्या रीतीचं शास्त्र केलं होतं. हिंग न्यायचा तो माझ्या वाटीतून, आणि स्वतःचा डवरा माझ्या ओट्यावर ठेवायचा. "असूं दे. मग येतों." संध्याकाळी माझी वाटी परत यायची, तिच्यात विड्याची चार पानं नाहीतर चमचाभर उडदाचं डांगर. आता त्यांचा डवरा मी रिकामा कसा देणार? मग मी त्यात काहीतरी घालायचे, ते नेताना दुसरा डवरा ठेवून जायचे, आणि गाडं पुढे चालू. आमच्या गल्लीत कुठल्याही घरी कुठल्याही वेळी सेतूरावांचं एक तरी भांडं अडकलेलं असे.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि फडताळ उघडून बघतच राहिल्या. "काय गं, कॉफीचं दुकान टाकलंस का?" एवढ्यात दुकानाचे मालक दारात हजर.

"सुखें आलां कीं? बैसा, बैसा," असं म्हणून त्यांनी माझ्याच घरात माझ्या सासूबाईंना बसायला सांगितलं.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कुठल्या बखरीतून उठून आलेत गं हे?" पण दुसऱ्या दिवसापासून त्याच चिमूटभर हिंग कागदात काढून ठेवू लागल्या. साताऱ्याला परतल्यावर लक्षात आलं की त्यांच्या लाडक्या डब्याचं झाकण, ज्यात एकदा हिंग घालून दिला होता, सेतूरावांकडेच राहिलं. तेव्हापासून फोनवर आधी त्यांची चौकशी, मग झाकणाची, आणि वेळ उरला तर माझी.

पोंगलला गौरी आली. विशालम मामींनी माझ्यासमोरच हसत हसत तिला बापाच्या फेऱ्यांची गोष्ट सांगितली. मामींना ते कौतुक वाटत होतं. गौरीचा चेहरा मात्र उतरला. ती तशीच मला घेऊन बापाच्या घरात गेली आणि स्वयंपाकघराचं कपाट उघडलं. हिंगाच्या न फोडलेल्या पुड्या, चिंचेचा गोळा, ताजी कॉफी पावडर, सगळं जागच्या जागी. मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं.

"अप्पा, घरांत इतकें असून दारोदार मागतां?" ती कपाटाकडे बोट दाखवत म्हणाली. "लोक मला काय म्हणतील? म्हाताऱ्या बापाला पोरीनं उपाशी ठेवलंन?"

सेतूराव गृहपाठ न केलेल्या मुलासारखे खाली बघत राहिले. "सगळें आहे गे," ते म्हणाले.

"मग कां मागतां?"

जन्मभर मुलांकडून उत्तरं काढून घेतलेला माणूस कपाटाचं दार हळूच लावू लागला. गौरी रडू लागली. पोर वाईट नव्हती, तिला खरंच लाज वाटली होती. "पुन्हा कोणाकडे मागणार नाहीं," असं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरले. प्रत्येकाचं भांडं परत दिलं, कुठलंच रिकामं नव्हतं. प्रत्येकाकडून आपले डवरे गोळा केले आणि पिशवीत घालून घरी नेले. सासूबाईंचं झाकणसुद्धा आलं, त्यावर चार मोगऱ्याची फुलं. मला ते झाकण हातात घेववेना.

त्यानंतर सेतूरावांचं दार बंद. दारापुढच्या ओट्यावर बसणं गेलं, दाढी वाढली, वेष्टीची इस्त्री गेली. दिसले तर मान हलवत, थांबत नसत. गौरीचे मला फोन येऊ लागले. "अप्पा 'बरा आहे' म्हणतात, पण जेवत नाहींत वाटतं." डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, सगळं ठीक. मला त्या 'सगळं ठीक'चा भयंकर राग आला. त्या भरल्या कपाटाचाही आला. गल्लीत दिवसातून दहा दारं उघडून घेणारा माणूस आम्ही कोंडून घातला होता, आणि वर त्याची नाडी तपासत होतो.

आणि खरं सांगायचं तर माझीही सकाळ सुनी झाली होती. फोडणी बिनबोभाट व्हायची. परक्या गावात मला रोज 'जेवलीस कीं?' विचारणारं तेवढंच एक माणूस होतं.

शेवटी विशालम मामींनीच वाट काढली. अंगणात रांगोळी घालता घालता त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "रायरनी मागणार नाही म्हणून शब्द दिलाय. देणार नाही असं कुठे म्हटलंय?"

मी तशीच घरात आले, वाटी उचलली आणि सेतूरावांचं दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं उघडलं.

"मामा, थोडा हिंग आहे का?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या घरीं हिंग आहे. वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यांत."

मी पकडले गेले. तरी वाटी तशीच पुढे धरली. त्यांनी ती घेतली, आत गेले. भांड्यांचा आवाज आला. पुडी फाडल्याचा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा हातात पितळी डवरा होता. तळाशी हिंग, इतका थोडा की एका वरणालाही पुरला नसता.

"वाटी असूं दे इथें," ते म्हणाले. आणि हसले. "ज्यास्ती दिला तर उद्यां कां येशील?"