सासूबाईंची दाढ आणि गाडीचं नाक

"अर्ध्या तासाचं काम आहे," दातांच्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, तेव्हा तिने घड्याळाकडे न पाहता भिंतीकडे पाहिलं. लग्नानंतर त्यांनी मोरीतला नळ दुरुस्त केला होता, तेही अर्ध्या तासाचंच काम होतं. त्या नळाच्या जागी आता लाकडी खुंटी ठोकलेली आहे.

"आज आई येतेय. लक्षात आहे ना?"

"आहे गं. चारला बस येईल, मी स्टँडवर उभा असेन. तिथून थेट दवाखाना. संध्याकाळपर्यंत त्यांची दाढ शांत."

"मग हा खोका उद्या उघड."

"उद्या पेशंट असतात."

"आणि आज आई पेशंट नाही का?"

याला उत्तर म्हणून डॉक्टरांनी खोका उघडला.

आत दंडाएवढी जाड, वळणदार काळी नळी होती आणि तिच्या टोकाला बसवायचा लाल, शंकूसारखा फिल्टर. मूळची नळी काढून ही बसवली की इंजिनाला भरपूर गार हवा मिळते, गाडी चपळ होते आणि आवाज भारदस्त होतो, असं खोक्यावर छापलं होतं. डॉक्टरांची गाडी म्हणजे सेकंडहँड स्पोर्ट्स कार. बसायला दोनच जागा, आणि त्याही इतक्या खाली की उतरताना कुणीतरी हात द्यावा लागे. तिला चपळ करून जायचं कुठे, तर घर ते दवाखाना. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि बहुतेक वेळा अक्कलही नसते.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी जावयाला कधी दातांना हात लावू दिला नव्हता. दात दुखला की त्या जायच्या डॉक्टरांच्याच एका वर्गमित्राकडे. नातेवाइकांत विषय निघाला की म्हणायच्या, "जावई हुशार आहेत हो, पण घरच्या माणसाचा हात आपल्याच तोंडात थरथरतो." हे ऐकून डॉक्टर हसायचे आणि रात्री कूस बदलत राहायचे. मावससासऱ्यांपासून चुलतमेहुण्यापर्यंत सगळं सासर त्या वर्गमित्राकडे जात होतं, आणि जावयाकडे फक्त फुकटचा सल्ला मागत होतं. या वेळी मात्र वर्गमित्राने दाढ काढावी लागेल असं सांगितलं होतं आणि डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "आई, मी वाचवतो." सासूबाई चक्क हो म्हणाल्या होत्या. हा दिवस डॉक्टरांना हवा होता, अगदी मनापासून. अशा दिवशी शहाणा माणूस हात जोडून गप्प बसतो. यांच्या हाताला मात्र सकाळपासून चैन नव्हतं.

बॉनेट उघडल्याचा आवाज झाला तसे समोरचे काका फाटकापाशी आले. निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या कामांवर देखरेख करत असत.

"डॉक्टर, बॉनेट उघडलंत?"

"हो काका."

"स्वतः?"

"हो."

"थांबा, मी खुर्ची घेऊन येतो."

फोनवर पाहिलेल्या व्हिडिओतल्या माणसाने बोल्ट सोडले आणि ते अलगद त्याच्या तळहातावर आले होते. डॉक्टरांनी सोडलेला पहिलाच बोल्ट टुणकन उडाला आणि इंजिनाच्या पोटात दिसेनासा झाला. डॉक्टर डगमगले नाहीत. त्यांनी बॅगेतून दाढेमागे पाहायचा छोटा आरसा काढला, टॉर्च दातांत धरली आणि गाडीच्या आत डोकं घातलं.

"दिसतोय का?" काकांनी खुर्चीतून विचारलं.

"दिफतोय."

"मग काढा."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सगळंच सोपं असतं. बोल्ट दिसत होता, चिमट्याला लागत होता, आणि चिमटा लागला की आणखी एक बोट खाली सरकत होता. शेवटी गाडीखाली आडवं पडून, तळाची पत्र्याची ताटली सोडवून तो काढावा लागला. त्यात दुपारचं जेवण राहिलं, शर्ट गेला आणि ताटलीचे स्क्रू कुठे ठेवले तेही डोक्यातून गेलं.

जुनी नळी निघाली तेव्हा इंजिनाचा घसा उघडा पडला. यात जर बोल्ट गेला तर गाडी कायमची उभी राहील, एवढं डॉक्टरांना कळत होतं. मग त्यांनी अशा वेळी जे रोज करतात तेच केलं. कापसाचा मोठा बोळा वळला आणि उघड्या तोंडात घट्ट बसवला. हात इतके सराईत होते की काकांनीसुद्धा "वा!" म्हटलं. दिवसभरातलं हे एकच काम त्यांनी एका झटक्यात केलं.

नवी नळी बसेना. मग बसली, पण बॉनेट लागेना. मग नळी फिरवली तेव्हा फिल्टर बॅटरीला टेकू लागला. बॅटरी हलवली तर तिची तार कमी पडू लागली. एक नीट करावं तर दुसरं बिघडावं, असं करत करत डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. साडेतीनला नळीची शेवटची पट्टी आवळून ते गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली.

"ती तार कशाला लोंबतेय?" काकांनी विचारलं.

"कुठली?"

"मघापासून लोंबतेय. मला वाटलं तशीच असते."

"काका, मघापासून दिसत होती तर बोलायचं ना!"

"तुम्ही डॉक्टर माणूस. तुम्हाला मी काय सांगणार?"

तार जोडली. गाडी सुरू झाली, गुदमरली, थरथरली आणि पुन्हा मेली. पाच-सहा वेळा हेच झालं आणि चार वाजून गेले. डॉक्टरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं तर हॉर्न वाजला, आणि तो ऐकून बायको बाहेर आली.

"आईचा फोन होता. ती स्टँडवर उभी आहे. गालावर हात धरून."

"त्यांना टॅक्सी करायला सांग ना."

"सांगितलं. काय म्हणाली माहितेय? म्हणाली, मला वाटलंच होतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पांढऱ्या स्वच्छ कोटात, स्टँडवर, वेळेच्या आधी उभं राहायचं त्यांनी आठवडाभर मनात घोळवलं होतं. आणि आता ते ग्रीसने माखलेले, उपाशी, एका मेलेल्या गाडीपुढे उभे होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायकोला मग थोडी दया आली. ती रोज सकाळी दवाखान्याचं काउंटर सांभाळायची, त्यामुळे रडवेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक होतं.

"घाबरू नकोस. पहिल्यापासून सांग. काय काय केलंस?"

"जुनी नळी काढली. तोंड उघडं पडलं. आत काही जाऊ नये म्हणून कापूस भरला. मग नवी नळी बसवली, मग पट्ट्या..."

"कापूस काढलास?"

काका खुर्चीत पुढे सरकले.

"कापूस," डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर काढते."

आणि ते खरं होतं. आजवर त्यांनी हजारो तोंडांत कापूस भरला होता, पण एकदाही तो स्वतः काढला नव्हता. काम झालं की ते हात धुवायला वळायचे आणि मागे सिस्टर चिमट्याने बोळे काढायची. भरलेला कापूस आपोआप निघतो, असं त्यांच्या हातांनी पक्कं धरून ठेवलं होतं.

"सिस्टर आहे का इथे?" बायकोने विचारलं.

"कुठली सिस्टर?" फाटकातून आवाज आला.

सासूबाई आल्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने गालावर धरलेला रुमाल. त्यांच्यामागे टॅक्सीवालासुद्धा उत्सुकतेने थांबला होता.

"काही नाही आई, तू आत चल," बायको म्हणाली.

"मी इथे बरी आहे."

काकांनी उठून त्यांना खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाई जावयाचं काम बघायला बसल्या. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या, नळी काढली, चिमटा आत घातला आणि ओला, काळाकुट्ट बोळा बाहेर ओढला.

"सापडला!" ते ओरडले आणि त्यांनी तो उंच धरला.

सासूबाईंनी बोळ्याकडे पाहिलं, मग चिमट्याकडे पाहिलं आणि रुमाल थोडा घट्ट धरला.

नळी परत बसली आणि या वेळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. काय तो आवाज! गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. काकांनी टाळ्या वाजवल्या, टॅक्सीवाल्यानेही वाजवल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अजून सगळं संपलेलं नव्हतं. सासूबाई आल्या होत्या, दाढ जागेवर होती, दवाखान्याची किल्ली खिशात होती.

"हे कशाचे?" सासूबाईंनी जमिनीवरच्या फडक्याकडे बोट दाखवलं. त्यावर काही स्क्रू पडले होते.

"ते होय? ते जास्तीचे असतात, आई. कंपनीच देते."

"गंजलेले देते?"

डॉक्टरांनी ते खिशात टाकले आणि घाईने हात धुवायला आत गेले. साबणाने तीनदा चोळले, पांढरा कोट चढवला, केस सारखे केले. बाहेर आले तेव्हा सासूबाई स्वतःहून गाडीत बसल्या होत्या. बायको फाटकाशी हसत उभी होती. गाडीत तिसरी जागा नसल्याने तिने नुसता हात हलवला.

गाडी झकास पळत होती. डॉक्टरांना वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

"घाबरू नका बरं का, आई. अजिबात दुखणार नाही."

"मी कुठे घाबरतेय? दाढेत पण कापूस घालावा लागतो का हो?"

"दाढेत नाही, आजूबाजूला. थोडासा. लाळ येऊ नये म्हणून."

"बरं. आणि आज सिस्टर?"

"रविवार आहे ना, आई. पण घरचंच तर काम आहे, मी एकटा पुरेसा आहे."

सासूबाईंनी मान हलवली. चौक आला.

"उजवीकडे घ्या, जावईबापू."

"दवाखाना डावीकडे आहे, आई."

"तुमचा डावीकडे आहे. त्यांचा उजवीकडे. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी फोन केला. रविवारी बसतात ते. सिस्टरपण आहे त्यांच्याकडे."

"आई, ते दाढ काढून टाकतील!"

"टाकू देत. जे काढायचं ते काढायला विसरत नाहीत, एवढं मला पुरे."

मागून हॉर्न वाजू लागले आणि डॉक्टरांनी गाडी उजवीकडे घेतली. एरवी या चढावर धापा टाकणारी ती गाडी आज बाणासारखी सुटली. डॉक्टरांनी पाय मागे घेतला तरी ती हळू होईना. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती वर्गमित्राच्या दारात उभी राहिली. आवाज ऐकून तो स्वतः दार उघडून बाहेर आला.

सीट फार खाली असल्याने सासूबाईंना एकटीने उतरता येईना. डॉक्टरांनी पुढे होऊन हात दिला. त्या उभ्या राहिल्या, रुमाल सावरला आणि गुरगुरणाऱ्या इंजिनाकडे कौतुकाने पाहत म्हणाल्या, "गाडी मात्र फार छान केलीत हो, जावईबापू. तुम्ही खरं तर हेच शिकायला हवं होतं."