वासाविना टेंडर

बंद पाकिटाचा वास घेऊन विश्रामबाब ठेकेदाराचं गाव सांगत. "सुर्ला. खनिजाची धूळ." किंवा, सुक्या कोळंबीचा वास आला की, "चोपडें. घरांत सुंगटां सुकत घातल्यात." बहुतेकदा बरोबर निघे. डिचोलीतल्या आमच्या सरकारी महामंडळात ते हेडक्लार्क. मी शेजारच्या टेबलावर.

मग पोर्टलवर भरायचं ई-टेंडर आलं. "वास ना तें टेंडर कसलें रे? मोगऱ्याचो फोटो तो!" असं सगळ्यांना ऐकवून झालं. गुप्ततेचं वेड मात्र तसंच राहिलं. दर फुटू नयेत म्हणून ते मॉनिटरवर टॉवेल घालत.

"अहो, मुदतीआधी दर कोणालाच दिसत नाहीत," मी सांगे.

"तुका दिसना. मशिनाक दिसता मरे!"

जुन्या दिवसांत मोठ्या ठेकेदारांची माणसं टेंडरच्या पेटीला वेढा घालत, लहानांना पोचूच देत नसत. मी फायलीत डोकं घालून बसे. हे आजवर कुणापाशी बोललो नाही.

कँटीनचा ठेका निघाला. चोपड्यात खानावळ चालवणाऱ्या सुलक्षावैनी आल्या. पूर्वी दोनदा त्या पेटीजवळून परत गेल्या होत्या. मुदत तीनची, पावणेतीन झाले तरी ठेकेदारांसाठीच्या संगणकावर त्यांची फाईल चढेना.

"बाब, ह्या पेटीकडेय कोण उबो आसा?" त्यांचा आवाज रडवेला झाला.

विश्रामबाब ताडकन उठले. "अरे, फायल जड जाल्या. हलकी कर!"

मी स्कॅन लहान केलं. दर भरायची वेळ येताच बाबांनी आपल्या मॉनिटरवरचा टॉवेल ओढला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मलाही आत खेचलं. "वैनी, भरात आतां. आमी मेल्यांत!"

बाहेर बटणं वाजत राहिली. मग वैनींची आनंदाची किंचाळी आली, "गेलें! गेलें!"

विश्रामबाब विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले. "बरें जालें. निकालूय घरा बसून कळटलो. आतां हांगा येवपाची गरज ना." शेवटचं वाक्य अगदी हळू.

पूर्वी टेंडर उघडायच्या दिवशी ते स्वतःच्या खिशातून जमलेल्या सगळ्या ठेकेदारांना चहा पाजत. आता त्यांच्यापुरताच येई. घरी एकट्यानंच राहणाऱ्या या माणसाचे पाहुणे म्हणजे ते ठेकेदारच होते, हे इतकी वर्षं शेजारी बसून मला कळलं नव्हतं.

वैनी दारातून वळल्या. "बाब, त्या पोर्टलाचेर च्या मेळटा?"

"ना तें."

"मगीर?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

मी चहा सांगायला उठलो. "टेंडराचें उलोवप ना हां!" तो विषय नको म्हणून बाबांनी त्यांना बजावलं. मग खुर्ची जरा पुढे घेऊन विचारलं, "घरा कोण कोण आसात?"