रुमालाखालचा सौदा

मल्हारीअप्पांना कुठंही पैसे द्यायचे असले की ते आधी एकच प्रश्न विचारतात, "ते दुसरं चालतं का?" चहावाल्याला, न्हाव्याला, एसटीच्या कंडक्टरला, एकदा तर सत्यनारायणाला आलेल्या भटजींनासुद्धा. 'ते दुसरं' म्हणजे मोबाइलमधलं आभासी नाणं. समोरचा नाही म्हणाला की अप्पा खुशीत मान हलवतात, "बराबर. अजून कंपनीनं घेतलं न्हाई," आणि बंडीच्या खिशातून नोटा काढतात.

वाटूरच्या फाट्यावर त्यांचं कासरे, दावी आणि घुंगरमाळांचं दुकान आहे. शेजारी माझं औषधांचं. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी मला डाक्टरच म्हणतात. त्यांच्या गल्ल्यावर मोबाइलनं पैसे द्यायचा चौकोनी कोड चिकटवलाय. त्याच्या शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवलीय. तिथं कुणी देवाचा फोटो टेकवला तरी अप्पा तो उचलून बाजूला करतात. "जागा रिझर्व हाये," म्हणतात. रोज दुकान उघडताना त्या रिकाम्या जागेवरूनही फडकं फिरतं.

गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "अप्पा, जो डोळ्याला दिसत न्हाई तो पैसा कसला?"

"तुला काय कळतं?" अप्पा उसळतात. "माह्या बापानं बाजारात रुमालाखाली बोटं दाबून मेंढरं इकली. भाव कुणाला दिसला का? पण सौदा झाला म्हंजे झाला. रुमालाखालचा सौदा मोडत न्हाई."

ते नाणं अप्पांच्या मोबाइलमध्ये टाकलं त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, दत्तानं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. शेवटचा आला होता तेव्हा मी त्यांच्या दुकानातच बसलो होतो. निघताना अप्पांनी विचारलं, "आता कधी?" बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. दत्ता हसून म्हणाला, "पैसे पोचवणाऱ्या कंपन्या हे नाणं घ्यायला लागू द्या, अप्पा. तुमच्या दुकानात हे चाललं ना, त्या दिवशी मी इकडंच येतो, कायमचा." अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पोराच्या हातावर टाकला आणि आत बोटं दाबली. दत्तानंही दाबली. त्याला ती गंमत वाटली. अप्पांच्या लेखी सौदा झाला.

त्यानंतर दिवाळ्या आल्या नि गेल्या. दत्ताचे फोन येतात, दत्ता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी पेपरात वाचलं, परदेशातली एक मोठी कंपनी तसली नाणी घ्यायला लागली म्हणून. मला राहवेना. गिऱ्हाईक तसंच उभं सोडून मी अप्पांकडे धावलो आणि बातमी वाचून दाखवली. वाटलं, आता पेढे मागवतील. अप्पा मटकन दाव्यांच्या ढिगावर बसले.

"आपल्याकडं बी?"

"नाही अप्पा, तिकडंच. इकडं कधी होईल, होईल की नाही, कुणालाच माहीत नाही."

त्यांनी सुटकेचा असा नि:श्वास टाकला की मला रागच आला. "अहो, एवढी वाट बघताय आणि..."

"डाक्टर, इकडं चालू झालं अन् तरीबी दत्ता आला न्हाई तं?" अप्पा हळू आवाजात म्हणाले. "आतापोत्तर लोकायला सांगता येतं, कंपनी अडवून राह्यली. मंग कुणाचं नाव सांगू?"

मी पेपराची घडी घातली. फार वाईट वाटलं.

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला. "इकडं चालू झालं तं मला सांगायचं न्हाई. बोला."

त्यांनी रुमालाखाली हात घातला. मी बोटं दाबली.

हल्ली सकाळी पेपर आला की मी आधी पैशापाण्याचं पान वाचतो आणि कुलूप उघडता उघडता शेजारी हाक मारून सांगतो, "अजून न्हाई, अप्पा."

"बराबर," अप्पा म्हणतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून फडकं फिरवतात.