सहा खाटा आणि एक बेघर

निवारा उघडून आठवडा झाला होता, खाटा सहा होत्या आणि झोपायला एकही बेघर येत नव्हता. वामनराव रोज सकाळी चादरी ओढून नीट करत. त्या चुरगळलेल्या नसतच, तरी करत.

"बुधवारी दुपारी जिल्ह्याहून साहेब येतायत," ते बायकोला म्हणाले. "खाटा रिकाम्या दिसल्या तर निवाऱ्याचा हॉल खतवाल्याच्या गोदामाला जाईल."

"आपणच दोघं झोपू," शीलाताई वाटाणे सोलत म्हणाल्या. "तुम्ही तसेही घरात असून नसल्यासारखे."

एकतीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांनी सुरू केलेल्या फायली पुढे सरकवणाऱ्या वामनरावांनी स्वतः सुरू केलेली ही पहिलीच गोष्ट होती. ते सायकल काढून आर्णीच्या एसटी स्टँडवर गेले. गावातला सर्वमान्य बेघर लखीराम तिथे बाकड्यावर ऊन खात बसला होता.

"चल लखीराम. खाट, गरम पाणी, दोन वेळचं जेवण. सगळं फुकट."

"फुकट कायले?"

"कायले म्हणजे? सेवा म्हणून."

"हे पाहा बाबूजी," लखीराम समजुतीच्या सुरात म्हणाला, "कापूस बुडाल्यापासून या जिल्ह्यात जो उतरते तो सेवाच करून राह्यला. मागच्या हिवाळ्यात एकानं मले ब्लँकेट देल्लं, फोटो काढला अन् ब्लँकेट वापस नेलं. पुढच्या गावातबी फोटो काढाचा होता म्हने. फुकट आंघोळ घालणाऱ्याले माणसातलं काहीतरी काढून घ्याचं असते. मी नाही येत."

परतीच्या वाटेवर कापूस खरेदी केंद्र लागलं. वजनाचा काटा पाच दिवस बंद होता. बाहेर बैलगाड्यांची रांग होती आणि गाड्यांखाली पोत्यांवर दाढ्या वाढलेली माणसं आडवी पडली होती. वामनरावांची सायकल आपोआप थांबली. पहिल्या गाडीखालच्या माणसाशेजारी ते उकिडवे बसले.

"कधीपासून आहात इथे?"

गाडीखालच्या विठ्ठलरावांनी एक डोळा उघडला. "नसबंदीवाले हाय का तुमी?"

"नाही."

"मंग इम्यावाले?"

"नाही हो. बेघर निवारा."

"बेघर?" विठ्ठलराव ताडकन उठले. डोकं गाडीच्या साट्यावर आपटलं. "अठरा एकर जमीन हाय माही! दोन मजली घर हाय! बेघर म्हन्ते मले!"

वामनरावांनी फॉर्म काढला. "यात जमिनीचा रकाना नाही. 'गेले पाच दिवस मुक्काम कुठे', एवढाच आहे."

"गाडीखाली."

"मग झालं."

वामनराव सरळमार्गी गृहस्थ होते. फॉर्ममध्ये न विचारलेली माहिती लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

गरम पाण्याचं नाव काढताच आणखी पाच जण बेघर व्हायला तयार झाले. पण गाडी सोडायला कोणी राजी होईना.

"मी हललो का हा देवसिंग आपली गाडी पुढं घालते," विठ्ठलराव म्हणाले.

"मी घालीन? सकाळी बैल तू जुपत होता!" मागून देवसिंग ओरडला.

ज्याचा कापूस नाही, गाडी नाही आणि रांगेत नातेवाईक नाही असा राखणदार हवा होता. गावात असा एकच माणूस होता.

"अंगठा?" लखीरामने विचारलं.

"नाही."

"फोटो?"

"नाही. नुसतं बसायचं."

लखीराम कापसावर चढून बसला. निघालेल्या सहाही जणांकडे त्याने एकेक करून निरखून पाहिलं. "सहा नेऊन राह्यले, बाबूजी. मी मोजले."

बुधवारी साहेब आले तेव्हा सहा लाभार्थी आंघोळी करून, जेवून घोरत होते. विठ्ठलरावांना तेवढी जाग आली.

"बाबा, घर कधी सुटलं?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"शुक्रवारी."

"परत जावंसं वाटतं?"

"काटा सुरू झाला का जातो."

"मनावर परिणाम झालेला दिसतो," साहेब वामनरावांच्या कानात म्हणाले, आणि सहाही नावं त्यांनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी मंजूर केली.

गुरुवारी काटा सुरू झाला. गाड्या आत गेल्या, माणसं आपापल्या गावी गेली. हॉल वाचला होता. दिवेलागणीला दारात लखीराम उभा राहिला, काखेत गाठोडं घेऊन.

"सहा गेल्ते, सहाच्या सहा वापस आले. एकेकाले इचारलं. कोनाचं काहीच काढलं नाही म्हन्ते. आता मी येतो."

वामनरावांनी रजिस्टर उघडलं. सहाही नावं वर्षभरासाठी चढलेली होती. "जागा नाही रे, लखीराम. सहाही खाटा भरल्यात."

लखीरामने सहा खाटा पाहिल्या. वाकून त्यांच्या खालीही पाहिलं. "लोक कुठं हाय?"

"आपापल्या घरी."

"अहो, झोपू द्या त्याला कोणाच्या तरी नावावर," वरणाचं पातेलं घेऊन आलेल्या शीलाताई म्हणाल्या.

वामनरावांनी पेन उघडलं. नोकरीत असं कधी केलं नव्हतं. "बरं. आजपासून रजिस्टरमध्ये तू विठ्ठलराव."

लखीराम हरखला. गाठोडं खाटेवर ठेवलं. मग थांबला.

"थो पयल्या गाडीवाला इठ्ठलराव?"

"तोच."

"त्याचं तं दोन मजली घर हाय. मलेच सांगून राह्यला होता."

"आहे."

लखीरामने गाठोडं पुन्हा काखेत घेतलं.

"मंग थो बेघरात कायले आल्ता?"

शीलाताईंनी पातेलं खाली ठेवलं आणि उत्तर ऐकायला त्याही थांबल्या.