स्टिअरिंग नसलेला विक्रम

आमच्या लेकीच्या, सोदामच्या पाळणाघराची गाडी पुढच्या महिन्यापासून बंद होणार असं कळलं, तेव्हा मी एक साधा निर्णय घेतला: तिला आपणच गाडीने सोडायचं. लायसन्स होतंच. लग्नाआधी काढलेलं, आणि तेव्हापासून कपाटात. (आमच्या सुवन शहरात अशा बायका इमारतीगणिक सापडतात. हा दिलासा मी स्वतःला रोज देते.)

"आधी कॉम्प्युटरवरच्या त्या गाड्या बांधून चालवायच्या गेमवर हात बसव," माझा नवरा गिह्यन म्हणाला. "त्यात वजन, वारा, घसरण, सगळं खऱ्यासारखं. आपटलीस तरी विमावाल्याला फोन नको."

मी चार चाकांची शहाणी गाडी बांधली आणि खांबावर घातली. वाटलं, जोर कमी पडतोय. मागे एक रॉकेट लावलं. इथेच घोळ झाला. त्या गेममध्ये वेगाच्या विक्रमांचा तक्ता असतो आणि त्यात मी शेवटून दुसरी निघाले. शेवटून दुसरं येणं मला नवीन नाही. पण इथे रॉकेटं फुकट होती.

सोदामचा डोळा लागला की मी बसायची. वेग वाढला की चाकं निखळायची. आणखी वाढला की गाडी जमिनीत गडप व्हायची आणि ड्रायव्हरचा पुतळा एकटाच पुढे पोचायचा. तक्त्यात पहिल्या असलेल्या भल्या माणसाने लिहून कळवलं, "ताई, चाकं काढा. त्यांनीच अडतंय." काढली. मग ब्रेक काढला. मग स्टिअरिंग.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, मी विक्रम मोडला. गिह्यन येऊन पडद्याकडे बघत राहिला.

"ही गाडी आहे?"

"खुर्ची आहे. मागे रॉकेटं."

"वळते कशी?"

"वळायचं कशाला? विक्रम सरळ रेषेत असतो."

"आणि थांबते कशी?"

थांबत नव्हतीच. नकाशा संपायचा.

"सोदामची आई," तो हळूच म्हणाला (माझं नाव न घेता असं म्हणाला की प्रकरण गंभीर असतं), "उद्यापासून पाळणाघराची गाडी येणार नाहीये."

सकाळी तो कामावर गेल्यावर मी मागच्या काचेला 'नवशिकी आहे, रागावू नका' असा कागद चिकटवला, सोदामला मागे बांधलं आणि निघाले. म्हणजे ब्रेकवरचा पाय जेमतेम सैल केला. शेजारून एक आजी भाजीची ट्रॉली ओढत पुढे निघून गेल्या.

"आई, कधी निघायचं?"

"निघालोय, बाळा."

आजी आडव्या येतील या धास्तीने मी पुन्हा ब्रेक दाबला, तो सोडायचा धीरच होईना. आमच्याकडे पार्किंगमध्ये जागा नसली की गाडी दुसऱ्याच्या पुढ्यात आडवी लावून न्यूट्रलला सोडतात. ज्याला निघायचं असेल तो ती ढकलून वाट काढतो. वॉचमनकाकांना वाटलं, ही त्यातलीच. काचा काळ्या, आत कोण आहे ते दिसेना.

"कोण असल्या वाटेत गाड्या सोडतं," असं पुटपुटत त्यांनी मान खाली घालून बॉनेटला खांदा लावला. गाडी हलेना. म्हाताऱ्या माणसाच्या कमरेत उसण भरायची, म्हणून मी गुपचूप न्यूट्रल टाकला आणि पाय उचलला. आम्ही सरसर मागे, थेट आमच्या जागेवर.

त्या सकाळचा आमचा सर्वाधिक वेग तोच. पाळणाघराला मग चालत गेलो, आणि तेही वेळेच्या आधी पोचलो.