लटकून बघणारे धुमाळ

महापालिकेने आमच्या बोळात नवीन काही बसवलं, की धुमाळकाका त्याला लटकून बघतात. दिव्याचा खांब असो, कठडा असो, नाहीतर कचऱ्याच्या डब्याचा आडवा दांडा असो. आधी एका हाताने धरून हिसका देतात, मग दोन्ही हातांनी धरतात आणि पाय जमिनीवरून उचलतात. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर पांढरा पायजमा आणि बाहेर सोडलेला शर्ट. अशा अवस्थेत थोडा वेळ लोंबकळून खाली उतरतात, हात झटकतात आणि निकाल देतात. "चालेल." किंवा, "निघेल."

"निघेल" म्हणाले की ते निघतंच. बोळाच्या पलीकडच्या तोंडाला दवाखान्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी कठडा बसवला, तेव्हा उद्घाटन झालं. नारळ, हार, फोटो, सगळं. फीत कापून टाळ्या चालू असतानाच काका पुढे झाले, लटकले, आणि कठडा भिंतीतून सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो दोन्ही हातांवर आडवा धरून नेला आणि आमच्या नगरसेविका कांचनताईंसमोर धरला.

"घ्या. आपला राहिला होता."

कांचनताईंनी तो घेतला. काय करणार, फोटोवाला समोरच उभा होता.

काका जन्मभर सिटी बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण बसमधून पुरते उतरले नाहीत. कसब्यातला आमचा बोळ म्हणजे त्यांची गाडी आणि त्यातून येणारे-जाणारे सगळे प्रवासी. या तोंडाला बसथांबा, त्या तोंडाला दवाखाना आणि शाळा, त्यामुळे दिवसभर माणसांची ये-जा. संध्याकाळी काका आपल्या ओट्यावर बसून ही ये-जा बघतात. समोरून स्कूटर आली की "पुढे सरका, आत जागा आहे" असं चालणाऱ्यांना सांगतात. जागा अर्थातच नसते. आमच्या बोळात समोरासमोर आलेल्या दोन स्कूटरींपैकी एकीला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं.

लटकण्याबद्दल मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "घाईतला माणूस बघत नाही. हाताला येईल ते धरतो. त्याने धरलेलं निघता कामा नये. सरकारचं काम एवढंच. बाकी तुमचं ते भाषण."

'तुमचं ते भाषण' हे मला उद्देशून. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पोळ्यांच्या डब्याच्या तळाशीसुद्धा जुनं पत्रक असायचं, त्यामुळे 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचले. काका मला पत्रकवाली म्हणतात. सकाळी भेटले की विचारतात, "काय पत्रकवाली, आज कुणाचा निषेध? आमचा नंबर कधी?" माझं कुठलंही पत्रक ते उभ्या उभ्या वाचतात आणि परत देतात. "चांगलं आहे. पण हे वाचून होईपर्यंत माणूस उतरून जाईल. सुट्टे बोला." सुट्टे बोला म्हणजे थोडक्यात बोला. मोठी नोट कंडक्टरला चालत नाही, तसं मोठं वाक्यही चालत नाही.

गणपती मंडळाच्या खोलीत बोळाच्या बैठका होतात. तिथे काका कधी अध्यक्ष नसतात, पण दारापाशी उभे राहतात आणि बैठक चालवतात. शेजारी पाण्याचं स्टीलचं पिंप असतं. त्यावर किल्लीने एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. माझ्या वाट्याला बहुतेक एकच टोला येतो. एकदा कांचनताई 'माझ्या कारकिर्दीत' पासून सुरू झाल्या तेव्हा त्यांनाही मिळाला. त्या दचकून थांबल्या आणि मग इतक्या हसल्या की पुढचं विसरल्या.

मधली काही वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची, हे कळत नव्हतं. मग निवडणूक झाली आणि प्रभागाला एकदम चार मिळाले. आता कुणाकडे करायची, हे कळत नाही. हे वाक्य काकांचं आहे, माझं नाही. मी याच विषयावर दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढलं होतं, ते कुणाला आठवत नाही.

तर अशा या बोळात एका संध्याकाळी सोहोनीकाकूंच्या गळ्यातली साखळी गेली. काकू एकट्या राहतात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दवाखान्यातून औषध घेऊन येताना, ऐन वळणावर, मागून गाडीवर आलेल्यांनी ओढली. मानेवर वळ उठला, काकू पडल्या. त्यानंतर दिवेलागण झाली की त्यांचं दार बंद. देवळात जाणं थांबलं, औषधही दुपारच्या उन्हात आणू लागल्या.

पुढच्याच बैठकीत मागणी आली, बोळाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी गेट लावा. संध्याकाळी कुलूप, सकाळी उघडायचं. राहणाऱ्यांकडे किल्ल्या.

मी पेटले. वहिवाटीचा रस्ता हा कुणाच्या बापाचा नसतो. आज कुलूप संध्याकाळी लागेल, उद्या दुपारी लागेल, आणि परवा आत येणाऱ्याला 'तू कुणाकडे?' असं विचारणारा माणूस खुर्ची टाकून बसेल. शाळेकडच्या वस्तीतल्या स्वयंपाकाच्या बायका, थांब्यावर उतरणारे कामगार, क्लासच्या मुली, यांनी सगळा वळसा घालून हमरस्त्याने जायचं, कारण आम्हांला सुरक्षित वाटायला हवं. चोर गाडीवरून आला होता, त्याची शिक्षा पायी चालणाऱ्यांना. हे मी पत्रकात लिहिलं आणि आजही यातला एक शब्द मागे घेत नाही.

काकाही गेटच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा मला फार आनंद झाला. वाटलं, अखेर एक साथी मिळाला. त्यांनी हरकतींचा सपाटाच लावला. आगीचा बंब कसा येणार? (तो आजही येत नाही, बसतच नाही.) गणपती बाहेर कसा काढणार? कुलपाला गंज लागला तर? किल्ली हरवली तर? "आणि त्या गेटला मी लटकलो तर?" हा शेवटचा मुद्दा बैठकीने गंभीरपणे घेतला, कारण अनुभव होता.

गेट तेव्हा लागलं नाही ते मात्र या हरकतींमुळे नाही, फलकामुळे. गेटवर 'यांच्या प्रयत्नातून' अशी कमान हवी होती. नावं चार, फोटो चार, शिवाय वरच्या नेत्यांचे गोल फोटो. लोहाराने कागदावर आखून दाखवलं, तर कमान बोळापेक्षा रुंद झाली.

"फोटो उभे लावा, एकाखाली एक," काका म्हणाले.

"चालेल की," एक नगरसेवक म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वर कोण?"

बोळाच्या तोंडाशी रफिकभाईंचं बँडची वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांपासूनचं. ते कोपऱ्यात बसून शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "मी काय म्हणतो, चौघांनीच आळीपाळीने गेटवर उभं राहावं. बोर्डाचा खर्च वाचेल आणि चोरही येणार नाही."

बैठक पुढे ढकलली गेली.

पुढच्या वेळी मात्र ठरवूनच सगळे आले. फलक नंतर बघू, आधी गेटचं मत घेऊ, असं कांचनताईंनी जाहीर केलं. खोली भरली. इतकी माणसं बोळात आहेत हे मलाच माहीत नव्हतं. कुणी कोथरूडहून आलेलं, कुणी हडपसरहून. प्रत्येकाचं इथे घर होतं, घराला कुलूप होतं आणि कुलपाला काळजी होती. काकांचा मुलगा अनिकेतही वाघोलीहून आला होता. तिकडे त्याचा फ्लॅट आहे, मुलांची शाळा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी येतो. वाईट नाही, कामात असतो.

"अण्णा, मी तुमच्यासाठीच म्हणतोय," तो काकांना सांगत होता. "गेट लागलं की बरं. तुम्ही इथे एकटे, आणि तिकडे मला झोप लागत नाही."

"मलाही लागत नाही," काका म्हणाले. "पण मी इकडे असतो."

मी माझं म्हणणं मांडलं. टोला पडला नाही, पण उपयोगही झाला नाही. कांचनताई म्हणाल्या, "ज्यांना गेट हवंय त्यांनी हात वर करा."

खोलीभर हात वर झाले. सोहोनीकाकूंचा पहिला. अनिकेतचाही. कांचनताई मोजायला लागल्या आणि पिंपावर एक टोला पडला.

"ताई, एक मिनिट. हात वरच ठेवा सगळ्यांनी," काका म्हणाले. "आता यातले आज रात्री इथे झोपायला कोण आहेत, तेवढेच वर ठेवा. बाकीचे, नुसता पास काढून ठेवलेले, खाली घ्या."

कुणी हसलं. मग हसणं थांबलं. हात खाली येऊ लागले. कुणी डोकं खाजवण्याच्या निमित्ताने आणला, कुणी मोबाइल काढायच्या. अनिकेतने वडिलांकडे बघितलं आणि सावकाश घेतला. वर राहिला तो एकच, सोहोनीकाकूंचा. बारीक मनगट, एक बांगडी.

"माझा वर आहे, धुमाळ," त्या म्हणाल्या. "तुमचं हे कंडक्टरपण मला नका शिकवू. पडले मी होते."

"हो वहिनी."

"मला भीती वाटते. तुमच्या पत्रकांनी ती जात नाही," हे माझ्याकडे बघून.

पत्रकात भीतीबद्दल एक परिच्छेद होता, पण तो दुसऱ्याच्या भीतीबद्दल होता.

काका दारातून आत आले. किल्ली खिशात टाकली. बैठकीत मी त्यांना पहिल्यांदाच अडखळताना बघितलं.

"वहिनी, गेट लागेल. बाहेरचा माणूस येणार नाही, हे खरं आहे. पण मग आत कोण? रफिकभाई दुकान बंद करून घरी जाणार. ही पत्रकवाली आणि तिच्या घरचे त्या टोकाला. इकडे तुम्ही आणि मी. मधे सगळी कुलपं. बाहेरचा येणार नाही म्हणजे... कुणीच येणार नाही."

एवढंच बोलले आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभे राहिले. सोहोनीकाकू बराच वेळ हात तसाच धरून होत्या. मग म्हणाल्या, कुणाला असं नाही, समोर बघत, "त्या दिवशी मी ओरडले. किती ओरडले. दार एकच उघडलं." आणि काकांकडे बघितलं. "हे अनवाणी धावत आले. मला उठवायचं सोडून आधी पिशवीतली औषधं गोळा करत बसले."

"काचेची बाटली होती," काका म्हणाले.

काकूंनी हात खाली घेतला. "गेट राहू दे, कांचन. पण त्या वळणावर उजेड पाहिजे. आणि पोलिसाची चक्कर संध्याकाळी पाहिजे, सकाळी नको. सकाळी मला काही होत नाही."

उजेड झाला. वळणावर दोन आणि दोन्ही तोंडांना एकेक नवा खांब आला, पोलिसांची दुचाकी दिवेलागणीला चक्कर मारू लागली, एक कॅमेराही बसला. फलकाचा प्रश्न आपोआप सुटला. प्रत्येक नगरसेवकाला आपापला खांब मिळाला आणि प्रत्येक खांबावर एकेकच फोटो आहे. उजेडात तो आम्हांला नीट दिसतो. खांबांची तपासणी काकांनी रीतसर केली. सगळे चालतील.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले. नवं पत्रक काढायचं मनात होतं. उघडे रस्ते हीच खरी सुरक्षा, असं काहीसं. त्यात मला काकांचं बैठकीतलं बोलणं त्यांच्या नावानिशी हवं होतं.

"काका, ते तुमचं 'कुणीच येणार नाही', ते मथळ्यात घेते."

"नको."

"का? इतकं नेमकं कुणीच बोललं नाही. मी वर्षभर लिहून जे सांगता आलं नाही..."

"अगं, ते तुझ्या लोकशाहीसाठी नव्हतं."

समोरच्या दिव्याखालून पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी झपझप येत होती. कानात वायर, बहुतेक कुणाशी तरी बोलत होती. ती ओट्यासमोर आली तसे काका जरा पुढे सरकून बसले.

"काय गं, सुटला क्लास?"

"हो आजोबा," ती चालता चालताच म्हणाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

"कोण ही?" मी विचारलं.

"नाव नाही माहीत. पलीकडे राहते कुठेतरी." काका ती गेली त्या बाजूला बघत होते. "रोज मी हेच विचारतो. रोज ती हेच सांगते."

थोड्या वेळाने, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "कधीकधी दिवसभरात तेवढंच बोलणं होतं."